एकसष्ट पानांचा पहारा

"एकसष्ट पानं, आणि एकसष्ट वेळा त्याच तीन ओळी?" पद्मजानं विचारलं.

तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं. तिचा राग करायला मला काहीतरी धड कारण मिळालं असतं. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून खरोखरच्या कुतूहलानं स्क्रीनकडे बघत होती.

"मग? प्रत्येक पानावर तपासायला नको?" मी म्हणाले.

"तपासायला हवंच ना, चारूताई. पण प्रत्येक खोलीच्या दारात माणूस उभा करण्यापेक्षा फाटकावरच एक उभा केला तर? सगळ्यांना तिथूनच यावं लागेल."

वायचळ सर त्यांच्या काचेच्या केबिनमधून बाहेर आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि पांढऱ्या फळ्याकडे जात म्हणाले, "कसं ते काढून दाखव बघू." आणि हातातला मार्कर त्यांनी तिला दिला.

तो मार्कर चार वर्षं माझ्या हातात येत होता.

ही दोन हजार दहा सालची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. आम्ही सातजण. वायचळ सर मालक, आणि मी त्यांचं सगळ्यात जुनं माणूस. मी डिप्लोमावाली. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा मी नोकरी करता करता शिकले, दुसऱ्यांच्या वह्या मागून. पद्मजा कुंभोजे जयसिंगपूरची, इंजिनिअर, चोवीस वर्षांची. जूनमध्ये ती लागली आणि जुलैत हा प्रसंग झाला.

त्या वेळी आम्ही 'उभारी' नावाच्या संस्थेचं काम करत होतो. घर सोडून आलेल्या बायकांना ही संस्था आसरा द्यायची, वकील द्यायची, कुठेतरी कामाला लावून द्यायची. प्रमिलाताई ती चालवायच्या. त्यांच्या वह्यांमधली सगळी माहिती आम्ही वेबवर आणत होतो, म्हणजे त्यांच्या तीन गावांतल्या समुपदेशक बायकांना ती कुठूनही बघता येईल. बाईचं नाव, तिची तक्रार, मुलं, कोर्टाच्या तारखा, आणि शेवटच्या रकान्यात ती सध्या कुठे राहते त्याचा पत्ता. हा पत्ता नवऱ्याला कळू नये, यावरच त्या संस्थेचं सगळं काम उभं होतं.

म्हणून माझ्या त्या तीन ओळी. समुपदेशक नाव आणि पासवर्ड टाकून आत आली की सर्व्हर तिची नोंद ठेवतो. त्याला सेशन म्हणतात. पान दाखवण्याआधी माझ्या ओळी विचारायच्या: या माणसाचं सेशन आहे का? नसेल तर थेट लॉगिनच्या पानावर परत. मी या ओळी एकसष्ट पानांच्या माथ्यावर स्वतःच्या हातानं घातल्या होत्या. मला त्यांचा अभिमान होता.

पद्मजानं फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्याला नाव दिलं फिल्टर. मागणी कुठल्याही पानाची येवो, ती आधी या फिल्टरमधून जाणार. सेशन असेल तर पुढे, नसेल तर परत. पानांना तपासणीची चिंताच नको.

"उद्या कुणी नवीन पान केलं आणि तीन ओळी घालायला विसरलं, तरी बिघडत नाही," ती म्हणाली.

"चारू, हे आपल्याला आधी का नाही सुचलं गं?" सर हसत म्हणाले.

'आपल्याला' म्हणाले. पण बघितलं माझ्याकडे.

एका दुपारात तिनं माझ्या तीन ओळी एकसष्ट पानांवरून काढून टाकल्या. मी पलीकडच्या टेबलावरून बघत होते. मध्येच ती काहीतरी गुणगुणत होती.

त्यानंतर लहान लहान गोष्टी मला दिसायला लागल्या. सर सकाळचा चहा माझ्या टेबलाशी घ्यायचे, ते आता तिच्या टेबलाशी थांबायला लागले. प्रमिलाताईंचा फोन आला की त्या "चारूला दे" म्हणायच्या, आता म्हणायच्या, "ती नवीन मुलगी आहे का गं?" मी फोन तिच्याकडे नेऊन द्यायचे. जेवायच्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती बसायचे. तिच्या आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी ती सगळ्यांच्या डब्याच्या झाकणात वाढायची. माझ्याही. चटणी चांगली असायची, आणि त्याचंसुद्धा मला वाईट वाटायचं. आरशासमोर वेणी घालताना मी तिची वाक्यं मनात खोडून काढत बसायचे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "शनिवारी उभारीची खरी माहिती आत टाकायची. चारू, त्याआधी तू सगळं एकदा तपास. तुझी नजर बारीक आहे."

गुरुवारी मी तपासायला बसले. खरं म्हणजे शोधायलाच बसले. मी लॉगआउट केलं, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला आणि एकेका पानाचा पत्ता वर टाकत गेले. पहिलं पान लॉगिनवर परत आलं. दुसरं, तिसरंही. पन्नासाव्या पानापर्यंत येता येता माझा हिरमोड होत चालला होता, कारण तिचं काम चोख होतं.

अठ्ठावन्नावं पान उघडलं.

ते कोर्टाला द्यायच्या पत्राचं पान होतं. लॉगिन नाही, काही नाही, आणि समोर पत्र. आत खोटी माहिती होती, 'चाचणी बाई एक' अशी. मी पुढची तीनही पाहिली. चारही छापायची पानं उघडी होती. माहितीपत्रकाचं पान तर बाईच्या राहत्या पत्त्यासकट.

कारण लगेच कळलं. छापायची पानं मी पूर्वी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती. पद्मजानं फिल्टर मुख्य फोल्डरवर बसवला होता, या फोल्डरचं नाव त्यात द्यायचं राहून गेलं होतं. आणि माझ्या तीन ओळी तर तिनं तिथूनही काढल्या होत्या.

मला आनंद झाला. इतका, की मी उठून खाली गेले आणि रस्त्यावर एक चक्कर मारून आले.

मंगळवारी उभारीत सगळ्यांना हे दाखवायचं ठरलं होतं. सर असणार, प्रमिलाताई असणार, पद्मजा पडद्यासमोर उभी राहून बोलणार. मी मागून विचारणार होते, "हे एक पान उघडून बघूया का?" मनात मी ते वाक्य कितीतरी वेळा म्हणून पाहिलं. आवाज अगदी साधा ठेवायचा, असंही ठरवलं.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी पद्मजा माझ्या टेबलाशी आली.

"चारूताई, तपासून झालं?"

"झालं."

"काही राहिलंय का बाहेर? खरं सांगा हां. मला मनातून धाकधूक आहे. मी पहिल्यांदाच एवढं मोठं काही केलंय."

मी पिशवी भरत होते. "माझ्या तपासणीत तरी काही नाही."

"हुश्श!" तिनं खरंच छातीवर हात ठेवला. "तुम्ही बघितलंय म्हणजे मी निर्धास्त."

शनिवारी खरी माहिती आत गेली. त्याआधी मी सरांना एकदा म्हटलं, "मंगळवारचं दाखवून झालं की मग टाकूया का?"

"का? काही अडचण आहे?"

पद्मजा फळ्यापाशी उभी होती, हातात मार्कर. तिनं माझ्याकडे बघितलं.

"नाही. सहज म्हटलं," मी म्हणाले.

मंगळवारी प्रमिलाताईंना कुठल्याशा तातडीच्या कामाला जावं लागलं. दाखवणं शुक्रवारवर गेलं. मी मनाशी म्हटलं, आणखी तीनच दिवस. कोण कशाला तो पत्ता टाकून बघणार आहे!

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास प्रमिलाताई स्वतःच ऑफिसात आल्या. साठीच्या बाई, जिना चढून दम लागला होता, पण खुर्चीवर बसल्या नाहीत. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला.

"हे आमचंच पत्र. आमच्या एका बाईसाठी सोमवारी कोर्टात दिलं, त्याची प्रत तिच्या नवऱ्याच्या वकिलाला गेली. खाली काय आहे ते वाचा."

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. वेबचा पत्ता. कागद छापताना ब्राउझर आपणहून ती ओळ घालतो. आम्ही कुणी कधी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"त्या नवऱ्याच्या चुलतभावाचं झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान आहे. त्यानं ही ओळ बघून टाइप केली आणि पत्र उघडलं. मग ह्या 'पत्र' शब्दाच्या जागी त्यानं 'माहिती' टाकून बघितलं." प्रमिलाताई थांबल्या. "गडहिंग्लजचा पत्ता मिळाला. काल सकाळी नवरा अंगणवाडीत गेला, म्हणाला मी बाप आहे, आणि पोरीला घेऊन गेला. पाच वर्षांची पोर. तिची आई काजूच्या कारखान्यात कामावर होती."

पद्मजाचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती पुढे आली.

"फिल्टर मी लिहिला. एक फोल्डर माझ्याकडून राहिला असणार. चूक माझी आहे."

"चूक कुणाची ते नंतर बघू. आधी ते बंद करा. आणखी अकरा जणींचे पत्ते आहेत त्यात," प्रमिलाताई म्हणाल्या.

"चारू," सर म्हणाले.

मी बसले. फिल्टरच्या यादीत त्या फोल्डरचं नाव घातलं. एक ओळ. सर्व्हर पुन्हा चालू केला, चारही पानं टाकून बघितली, चारही लॉगिनवर परत आली. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू होतीस म्हणून," ते म्हणाले.

पद्मजा दिवसभर सर्व्हरच्या नोंदी काढत बसली, कुणी कधी कुठलं पान उघडलं त्या. पोलिसांना द्यायच्या होत्या. ती जेवली नाही. संध्याकाळी तिनं कागदांचा गठ्ठा प्रमिलाताईंना नेऊन दिला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. सरांनी तो लगेच घेतला. टेबल आवरून झाल्यावर ती माझ्यापाशी आली.

"चारूताई, छापायच्या पानांवर तुमच्या तीन ओळीही परत घाला. दोन्ही असू देत."

मी मान हलवली. ती क्षणभर उभी राहिली, मला वाटलं अजून काही बोलणार आहे. मग गेली.

मुलगी अकरा दिवसांनी सापडली. निपाणीच्या पलीकडे एका खेड्यात, बापाच्या बहिणीकडे. धडधाकट होती, असं सर म्हणाले. ऑफिसात पेढे आले. मीही एक खाल्ला.

मग मला हवं ते सगळं मिळालं. सरांचा सकाळचा चहा पुन्हा माझ्या टेबलाशी आला. मार्कर माझ्या हातात आला. दिवाळीनंतर त्यांनी मला प्रोजेक्ट लीड केलं. उभारीचं काम माझ्याकडेच राहिलं. राजीनाम्याचं कळलं तेव्हा प्रमिलाताई सरांना म्हणाल्या होत्या, पोर चुकली पण लपली नाही. असं माणूस घालवू नका. सरांनी ते मला हसत सांगितलं. मी हसू शकले नाही. ऑफिसातून गेली तरी ती माझ्यापेक्षा वरचढ ठरत होती, आणि मला अजूनही ते सोसत नव्हतं.

मार्चमध्ये नव्या समुपदेशकांना शिकवायला मी उभारीत गेले. प्रमिलाताईंनी सुवर्णाला, म्हणजे त्या मुलीच्या आईला, आता कोल्हापुरातच संस्थेच्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं. दुपारी बाहेरच्या खोलीत चटईवर एक मुलगी झोपलेली दिसली. पायात चपला होत्या.

"हिच्या चपला काढू का?" मी विचारलं.

"नको नको," कुणीतरी आतून म्हणालं. सुवर्णाच होती, हाताला कणीक लागलेली. "उठंल आन् रडंल. तिथनं आल्यापास्नं अशीच झोपते. म्हंती, पळायचं झालं तर?"

मी शिकवणं अर्धवट सोडलं आणि प्रमिलाताईंच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. गुरुवारचं, शुक्रवारचं, शनिवारचं. त्यांनी मध्ये एकदाही मला थांबवलं नाही.

"का गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मला तिची... ती आल्यापासून मला कुणी विचारत नव्हतं."

प्रमिलाताई उठल्या, दार उघडलं आणि सुवर्णाला हाक मारली. "हे मला नको सांगूस. हिला सांग."

सुवर्णा पदराला हात पुसत दारात उभी राहिली. मी पुन्हा सांगितलं. तिला समजेल अशा शब्दांत सांगताना त्यातलं सगळं तांत्रिक गळून गेलं. उरलं ते एवढंच, की दार उघडं आहे हे मी बघितलं आणि गप्प बसले.

"तुमाला म्हाईत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"किती दीस?"

"सहा. गुरुवारी कळलं. पुढच्या बुधवारी त्यानं तिला नेलं."

तिनं मान खाली घातली. ती बोटं मोजत होती असं मला वाटलं, पण ती नुसती हाताची सुकलेली कणीक खरवडत होती.

"तुमच्या हापिसातल्या त्या दुसऱ्या बाई तवाच आल्या हुत्या," ती म्हणाली. "पोर घावायच्या आदीच. माझी चूक म्हनल्या, माज्या पायाशी बसून रडल्या. मग त्येंची न्हवती व्हय चूक?"

"होती. पण त्यांना ती माहीत नव्हती."

"आन् तुमाला हुती."

"हो."

"मग मला काय सांगताय? त्येस्नी सांगा." ती वळली आणि आत गेली. आतून पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज यायला लागला.

पुढच्या रविवारी मी जयसिंगपूरला गेले. पद्मजाचं घर शोधायला वेळ लागला नाही. तिनं घराच्या पडवीत कॉम्प्युटरचे क्लास काढले होते. चार जुनी मशीन, एक फळा. नोकरीसाठी तिनं कोल्हापुरात दोन ठिकाणी विचारलं होतं, दोन्हीकडे वायचळ सरांची ओळख निघाली आणि नकार आला, हे मला नंतर कळलं. मला बघून ती दचकली नाही. बसा म्हणाली, आणि आत जाऊन चहा घेऊन आली.

मी तिला सांगितलं. हे तिसऱ्यांदा सांगत होते, पण सर्वांत कठीण हेच गेलं.

तिनं कप खाली ठेवला. "ठाऊक होतं मला," ती म्हणाली.

"कसं?"

"नोंदी काढत होते ना त्या दिवशी. आदल्या गुरुवारची एक नोंद होती. चार वाजून बारा मिनिटं. लॉगिन नसताना पत्राचं पान उघडलेलं, लगेच खालची तीनही. आधी वाटलं, तो चुलतभाऊच. मग मशीनचा नंबर बघितला. तुमचा होता."

"पण पोलिसांना दिलेल्या कागदांत..."

"त्यांनी शनिवारपासूनच्या मागितल्या. त्याआधी खरी माहितीच नव्हती आत."

"आणि सरांना? सरांना का नाही सांगितलंस? राजीनामा द्यायची वेळ आली नसती."

"आली असती, चारूताई. फोल्डर मीच विसरले होते. तुम्ही बघायच्या आधीही, बघितल्यावरही. तुमचं नाव सांगून तो आठवला असता का मला?"

"मी शुक्रवारी बोलले असते तर?"

ती माझ्याकडे सरळ बघत होती. मला वाटलं, आता ती माझं ओझं थोडं हलकं करून देईल.

"तर प्रांजल गेली नसती," ती म्हणाली.

मुलीचं नाव प्रांजल आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. पद्मजा दर महिन्याला तिला भेटायला जात होती. एका शनिवारी सकाळी जाऊन तिला बाराखडी शिकवत होती.

"शेवटच्या दिवशी मी तुमच्या टेबलाशी थांबले होते," ती म्हणाली. "वाटलं, तुम्ही आता बोलाल. मग वाटलं, घरी येतील. दिवाळीपर्यंत वाट बघितली. मग सोडून दिलं."

पायऱ्यांवर पावलं वाजली. पाच-सहा मुली वह्या घेऊन पडवीत शिरल्या आणि आपापल्या मशीनसमोर दाटीवाटीनं बसल्या. पद्मजा उठली.

"चहा संपवून जा. माझा तास आहे."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही, मीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगून मी नोकरी सोडली. सर आधी म्हणाले, झालं गेलं ते कशाला उकरून काढायचं. मग माझा चेहरा बघून त्यांनी राजीनामा ठेवून घेतला. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी मी पडवीच्या कोपऱ्यात गार झालेला चहा घेऊन बसून होते. तिनं फळ्यावर काहीतरी लिहिलं, एका मुलीनं प्रश्न विचारला, तिनं खडू त्या मुलीच्या हातात दिला आणि स्वतः बाजूला सरकून भिंतीला टेकून उभी राहिली. सात महिने तिनं माझं नाव पोटात ठेवलं होतं आणि तरी ती हसू शकत होती.

मला तिचा हेवा वाटला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी हेवाच वाटला.